लस दिलेल्या कोंबड्यांचा हिवाळा

डिसेंबर लागला आणि लालबागच्या बाजारात चिकनच्या दुकानांपुढची गर्दी एकाएकी विरळ झाली, की मला टीव्ही लावून बघावं लागत नाही. कुठेतरी कोंबड्या मेलेल्या असतात. कुठेतरी पांढरे अंगरखे घातलेली माणसं खड्डा खणत असतात. यंदाही तसंच झालं. रविवारी सकाळी मी मटणाच्या रांगेत उभी होते. ती रांग पार कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत गेली होती आणि शेजारच्या चिकनवाल्याच्या जाळीत कोंबड्या निवांत बसल्या होत्या. माझ्या पुढचे गृहस्थ मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लस दिलेल्या कोंबड्यांनाही झाला म्हणे! ही लसबिस सगळं थोतांड आहे हो."

"कुठली लस?" मी विचारलं.

"कुठली म्हणजे? बर्ड फ्लूची."

"कुठल्या बर्ड फ्लूची? आणि ती तपासली कशावर होती?"

मी त्यांच्या पिशवीत हात घातल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रांग पुढे सरकली, त्यांच्यापुरता विषय संपला. मी मात्र घरी पोचेपर्यंत रागाने तापले होते. राग त्यांच्यावर नव्हता. त्यांना कोणी काही सांगितलंच नाही, तर ते दुसरं काय म्हणणार? ज्यांना माहीत होतं आणि तरी ज्यांनी सांगितलं नाही, त्यांच्यावर तो राग आहे. आणि त्या माणसांमध्ये एका हिवाळ्यापुरती मीही होते, हे मला अजून गिळता येत नाही.

मी कोंबड्यांचं रक्त तपासते. कोणी विचारलं की मी इतकंच सांगते, मग समोरचा हसतो आणि विषय बदलतो. त्या हिवाळ्यात मी लोअर परळच्या एका खाजगी प्रयोगशाळेत होते. प्रयोगशाळा होती गिरणीच्या जुन्या दगडी गोदामात, पहिल्या मजल्यावर. पुढच्या बाजूला काचेच्या इमारती झालेल्या, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं-मुली कॉफीचे कागदी पेले घेऊन फिरायची. मागच्या बाजूला आम्ही. आमच्या खोलीत फॉर्मलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास असे आणि त्याच्या जोडीला उबवणी यंत्रातल्या अंड्यांचा कोमट, किंचित गोडसर वास. हिवाळ्यात ते यंत्र उघडलं की तोंडावर ऊब यायची. एकेक अंडं दिव्यासमोर धरून बघायचं. आत लाल शिरांचं जाळं, मधे काळा ठिपका, आणि तो ठिपका हलायचा. वीस वर्षं बघूनही तो हलला की मला बरं वाटायचं.

याच आवारात माझे बाबा साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत होते. मी आठेक वर्षांची असताना संप झाला. लोक मला संपाबद्दल विचारतात तेव्हा त्यांना मोर्चे आणि भाषणं हवी असतात. मला आठवतं ते एवढंच, की बाबांच्या केसांत आणि भुवयांवर रोज दिसणारी कापसाची लव एक दिवस दिसेनाशी झाली, आणि त्यांचे केस किती काळे आहेत ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. परळच्या चाळीत आमच्या समोरच्या खोलीत वसंतकाका राहायचे. बाबा आणि ते एकाच खात्यात, शेजारशेजारच्या साच्यांवर. ते मूळचे मालवणकडचे, बायको कर्जतच्या पुढच्या एका गावातली. संपाच्या दुसऱ्या वर्षी काका तिच्या माहेरी निघाले. ट्रंक खाली ठेवून ते बाबांना म्हणाले, "सहा म्हयन्यांत येतंय." बाबा म्हणाले, "ये." दोघांनाही ठाऊक होतं की तसं होणार नाही.

बाबा राहिले. मिळेल ते काम करत राहिले, आणि बऱ्याच वर्षांनी गिरणीने जुन्या कामगारांना बोलावून एक फॉर्म पुढे केला. मी कॉलेजात होते, बाबांबरोबर गेले होते. फॉर्मवर छापलेलं होतं, मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग खिडकीपलीकडच्या कारकुनाला अगदी नम्रपणे विचारलं, "हा 'स्वखुशीने' शब्द खोडला तर चालेल का?"

"फॉर्म छापील आहे," कारकून म्हणाला.

बाबांनी सही केली. घरी येताना करी रोडच्या पुलावर ते थांबले आणि म्हणाले, "निदान विचारायला तरी हवं होतं, स्वखुशी आहे का म्हणून." त्या वेळी मला बाबांचाच राग आला होता. का केली सही? फाडून का नाही टाकला तो कागद? वीस-बावीस वर्षांच्या पोरीला हे प्रश्न सोपे वाटतात.

वसंतकाकांनी कर्जतच्या पुढे आधी विटांचं काम केलं, मग सासऱ्याच्या तुकड्यावर पत्र्याची एक शेड घातली आणि अंड्यांच्या कोंबड्या पाळल्या. होता होता तीन हजारांची शेड झाली. चाळीत येणं त्यांनी कधी सोडलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी टेम्पोतून यायचे, जिन्यातूनच हाक मारायचे, "नंदू, गे बाय, टोप आण!" आणि आईच्या टोपात भुशात गुंडाळलेली अंडी ठेवायचे. बाबा गेल्यावरही येत राहिले. मी कोंबड्यांच्या रक्ताचं काम करते याचा माझ्या घरात कोणाला अभिमान वाटला असेल तर तो काकांना. गावात सांगायचे, "आमच्या चाळीतली पोरगी. कोंबडेच्या रक्तातून कुंडली काढता."

त्या वर्षी त्यांनी कोंबड्यांना बर्ड फ्लूची लस टोचली.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा इथेच आहे. बर्ड फ्लू हा एक आजार नाही, ते एक मोठं कुटुंब आहे. ज्याने हजारो कोंबड्या दोन दिवसांत मरतात आणि मग उरलेल्या मारून पुरतात, तो वेगळा. त्यावर आपल्याकडे लस देत नाहीत. काकांनी दिली ती त्याच्या सौम्य भावंडावरची. हा कोंबडीला सहसा मारत नाही. तो तिचं खाणं कमी करतो, अंडी उतरवतो, कवच पातळ करतो. सोबत दुसरा एखादा जंतू आला तर मात्र मारतोही.

या विषाणूच्या अंगावर दोन तऱ्हेची प्रथिनं उभी असतात. एकाला आम्ही 'एच' म्हणतो, दुसऱ्याला 'एन'. एच धरतं, एन सोडवतं. कोंबडीच्या श्वासनळीतल्या पेशीला विषाणू पकडतो तो एचने. आत शिरून त्याच्या हजारो प्रती झाल्या की त्यांना पेशीपासून मोकळं करतं ते एन. लस मुख्यतः काय करते, तर कोंबडीच्या रक्ताला त्या एचचा आकार शिकवते. मग खरा विषाणू आला की रक्तातली प्रतिपिंडं जाऊन त्याच्या एचवर बसतात आणि त्याला पेशी पकडता येत नाही. पण हा विषाणू स्वतःची नक्कल फार निष्काळजीपणे करतो. दर हिवाळ्यात एचचा आकार थोडा थोडा सरकतो. लशीतला एच जुना आणि गावात फिरणारा नवा असला, तर प्रतिपिंडं त्यावर धड बसत नाहीत. कोंबडी मरत नाही, फार आजारीही दिसत नाही. पण तिच्या घशात विषाणू वाढतो, विष्ठेतून पडतो, पाण्यात उतरतो. बाहेरून बघणाऱ्याला शेड ठणठणीत दिसते.

म्हणून लस दिल्यावर रक्त तपासायचं असतं. ते काम आमच्याकडे यायचं. लस विकणारी कंपनीच नमुने पाठवायची, आणि तपासायला लागणारा निष्क्रिय विषाणू, म्हणजे अँटिजेन, तोही कंपनीचाच असायचा. तोच, जो लशीत होता. कोंबडीच्या रक्ताला एक आकार शिकवायचा आणि परीक्षेतही तोच आकार पुढे ठेवायचा! सगळ्या कोंबड्या पास. अहवालाच्या फॉर्मवर छापलेलं होतं, 'संरक्षण: समाधानकारक / असमाधानकारक'. मी समाधानकारकवर खूण करायचे आणि खाली सही. त्या ऑक्टोबरात मी अशा किती सह्या केल्या ते मोजलेलं नाही. त्यांपैकी एक वसंतकाकांच्या शेडची होती. मी त्यांना फोन करून सांगितलंही होतं, "काका, मस्त आहे. काळजी करू नका."

डिसेंबरात काका प्रयोगशाळेत आले. घरी नाही, प्रयोगशाळेत. हातात ट्रे. त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला आणि एक अंडं माझ्या तळव्यावर ठेवलं. कवच मऊ होतं, बोट टेकवलं की खळगा पडत होता. दुसरं वाकडं. तिसऱ्याचा रंग उडालेला, खडूसारखा.

"निम्म्यान अंडी उतरली," ते म्हणाले. "कोंबये मरणत नाय. खातत, पितत. पण अंडी ही अशी. तू म्हणालंस मस्त आसा."

"कंपनीला कळवलंत?"

त्यांनी खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. इंग्रजीत होतं, ते त्यांना कोणी वाचून दाखवलं नव्हतं. मी वाचलं. आपल्या पक्ष्यांमध्ये लशीचा प्रतिसाद उत्कृष्ट असल्याचे स्वतंत्र प्रयोगशाळेच्या अहवालावरून दिसते, तरी उत्पादनातील घट ही शेडच्या व्यवस्थापनातील त्रुटींमुळे असावी. स्वतंत्र प्रयोगशाळा म्हणजे आम्ही. अहवाल म्हणजे माझी सही.

"काय लिवलाहा?" काकांनी विचारलं.

माझ्या कानशिलांत रक्त चढलं होतं. तीस-पस्तीस वर्षं शेड झाडणाऱ्या, चुना मारणाऱ्या, स्वतःच्या चपला शेडच्या बाहेर काढणाऱ्या माणसाला हे लोक सांगत होते, की तुला कोंबड्या पाळता येत नाहीत. आणि ते सांगायला त्यांनी माझा हात वापरला होता.

"चार दिवस द्या मला," मी म्हणाले.

आमच्या फ्रीजरमध्ये आदल्या हिवाळ्यात त्याच भागातल्या कोंबड्यांच्या घशातून घेतलेला विषाणू होता. अंड्यांत वाढवलेला, सरकारी प्रयोगशाळेने ओळख पटवून दिलेला, निष्क्रिय करून ठेवलेला. नळीवर अक्षर माझंच. तो तिथे असतो हे मला रोज माहीत होतं. मी त्याच्यावर काही तपासलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. हे वाक्य लिहितानाही माझी मला लाज वाटते.

दुपारी सगळे जेवायला खाली गेले होते. मी काकांच्या शेडचं ऑक्टोबरातलं रक्तद्रव बाहेर काढलं आणि दोन प्लेटा मांडल्या. या प्लेटा म्हणजे प्लॅस्टिकच्या, छोट्या छोट्या घरांच्या. पहिल्या घरात रक्तद्रव दाट, पुढच्या प्रत्येक घरात निम्मं पातळ. एका प्लेटीत कंपनीचा विषाणू घातला, दुसरीत फ्रीजरमधला. वरून कोंबडीच्या तांबड्या पेशी. मग अर्धा-पाऊण तास नुसतं बसायचं. प्रतिपिंडांनी विषाणूचा एच झाकला असेल, तर पेशी मोकळ्या राहतात आणि तळाला जाऊन लाल बटणासारख्या बसतात. प्लेट तिरकी केली की त्या बटणातून थेंबासारखी धार ओघळते. झाकला नसेल, तर विषाणू त्या पेशींना एकमेकींत गुंतवतो आणि घरभर गुलाबी धुकं पसरतं.

मी पहिली प्लेट तिरकी केली. आठव्या घरापर्यंत लाल बटणं, सगळी ओघळणारी. सुंदर. दुसरी तिरकी केली. दुसऱ्या घरात बटण होतं. तिसऱ्यात अर्धवट. चौथ्यापासून शेवटपर्यंत धुकं.

तीच कोंबडी. तेच रक्त. मी स्टुलावर बसून दोन्ही प्लेटांकडे बघत राहिले. खालून जेवणाच्या डब्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. मी पुन्हा मांडलं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा मांडलं. धुकं हललं नाही.

आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. प्लेट तिरकी करून बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि घाईत वाचलेलं घर म्हणजे खोटं बोललेलं घर, हेही त्यांचंच. मी दोन्ही प्लेटा त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं. त्यांना कळलं होतं. कळल्याचं मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं, म्हणून तर संताप जास्त.

"फील्डच्या विषाणूवरची ही चाचणी आपल्याकडे प्रमाणित नाही, सुनंदा."

"मग प्रमाणित करून घेऊ या."

"आपल्याला ते विचारलेलं नाही. लशीला प्रतिसाद आला का, एवढंच विचारलंय. आला. आपण खोटं काही लिहिलेलं नाही."

"सर, फॉर्मवर 'प्रतिसाद' नाही छापलेलं. 'संरक्षण' छापलंय."

त्यांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. मग दुसरी प्लेट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "ही टाकून दे."

प्रश्न ज्याच्या हातात असतो, त्याला खोटं बोलावं लागत नाही. तो फक्त सोयीचा प्रश्न विचारतो, आणि उरलेल्यांनी त्याच प्रश्नाचं खरं खरं उत्तर द्यायचं असतं. मी प्लेटा टाकल्या, त्या ठेवून टिकत नाहीत. पण टाकण्याआधी दोन्हींची वाचनं नोंदवहीत लिहिली, घर न् घर, तारखेसह, आणि खाली सही केली. त्या हिवाळ्यातली ती पहिली सही, जी करायला मला कोणी सांगितलेलं नव्हतं. त्या पानाची प्रत काढून जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयाला पत्र लिहिलं.

मग रविवारी मी कर्जतला गेले. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. शेडच्या बाहेर चपला काढल्या, चुन्याच्या पाण्यात पाय बुडवले. आत कोंबड्यांचा तो एकसुरी कुरकुराट, वर पत्रा तापायला लागलेला, आणि हवेत खाद्याची आंबूस धूळ. काकांना मी सगळं सांगितलं. एच, एन, दोन प्लेटा. ते खाद्याच्या पोत्यावर बसून ऐकत होते.

"म्हणजे लस खोटी?"

"लस खोटी नाही, काका. लस देणं चुकीचं नाही. ही लस जुन्या विषाणूची आहे, आणि तुमच्याकडे फिरतोय तो बदललेला. बदललेल्यावर तपासलं असतं तर ऑक्टोबरातच कळलं असतं."

"तपासला कोणी नाय?"

"नाही."

"त्या कागदावर सही तुझी होती मा गो?"

मी हो म्हणाले. त्यांनी मान खाली घातली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मला करी रोडच्या पुलावर थांबलेले बाबा आठवले, आणि त्यांच्यावर मी केलेला राग. बाबांच्या सहीने नुकसान झालं ते त्यांचं स्वतःचं. माझ्या सहीने दुसऱ्याचं झालं होतं.

मग काकांनी विचारलं, ते अंड्यांबद्दल नव्हतं. "माझे कोंबये बरे दिसत व्हते, तरी तेंच्या घशात रोग व्हतो?"

"असणार. विष्ठेतूनही पडत असणार."

ते उठून शेडच्या दाराशी गेले आणि बाहेर बघत राहिले. मग जे सांगितलं, ते सांगताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. शेडच्या मागे ओढ्यापलीकडे ठाकरांची वस्ती. तिथली हौशी नावाची बाई, तिच्या अकरा गावरान कोंबड्या. त्या दिवसभर शेडच्या मागे सांडलेलं खाद्य टिपायच्या. नोव्हेंबरात आठवड्याभरात त्यांतल्या दहा गेल्या. ती मेलेली कोंबडी हातात घेऊन काकांकडे आली होती, तुझ्या शेडमधून आलं म्हणून. काकांनी तिला कागद दाखवला होता. माझी सही असलेला. माझ्या कोंबड्यांना लस आहे, त्या सगळ्या जिवंत आहेत, माझ्याकडून कसं जाईल, असं म्हणून तिला परत पाठवलं होतं. वर हेही म्हणाले होते, की तुझ्याच घाणीतून आलं असेल.

म्हणजे कंपनीने काकांना जे ऐकवलं, तेच काकांनी तिला ऐकवलं होतं. शब्दसुद्धा फारसे निराळे नाहीत. एक कागद परळहून निघाला आणि वाटेत ज्याच्या ज्याच्या हाती पडला, त्याने आपल्यापेक्षा लहान माणसाला तो दाखवला.

पुढे काय झालं तेही सांगते. जिल्ह्याच्या कार्यालयातून माणूस आला, त्याने आसपासच्या शेडमधून नमुने घेतले. त्यांत निघालेला विषाणू आमच्या फ्रीजरमधल्या विषाणूशी जुळला. ती लस त्या भागातून हळूच नाहीशी झाली. कोणी चूक कबूल केली नाही, कोणी माफी मागितली नाही. पुढच्या मोसमात नवी बाटली आली, नव्या विषाणूची, आणि तिच्या पत्रकावर लिहिलेलं होतं, 'आता अधिक व्यापक संरक्षण'. अधिक! म्हणजे आधी पुरेसं होतंच, आता जास्त. हा एक शब्द वाचून मी दोन दिवस कोणाशी धड बोलले नव्हते. नवी लस मात्र चांगली निघाली. दोन्ही प्लेटांत बटणं ओघळली, आणि ते मी तितक्याच मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. काकांच्या कोंबड्यांची अंडी त्याआधीच, होळीपर्यंत, सावरली. मला साहेबांनी त्याच मार्चमध्ये बोलावून सांगितलं, की माझ्या कामाची पद्धत आणि प्रयोगशाळेची पद्धत जुळत नाही. मी शीवला एका लहानशा प्रयोगशाळेत लागले. जागा कमी आहे, पण दोन प्लेटा मावतात.

पण त्या रविवारी हे काहीच माहीत नव्हतं. काका म्हणाले, "चल. तिका तू सांग. माका जमाचा नाय." आम्ही ओढा ओलांडून वस्तीवर गेलो. ऊन उतरत होतं, दारांपुढे वाल सुकत घातले होते. हौशी पन्नाशीची असेल, सडपातळ, कपाळावर गोंदण. काकांना बघून ती उभी राहिली, पण बसा म्हणाली नाही. कुडाला टेकून ठेवलेलं रिकामं खुराडं तिच्या मागे दिसत होतं.

मी तिला सांगायला लागले. काकांपुढे जे सहज सांगता आलं, ते तिच्यापुढे अडखळलं. एच आणि एन मी गाळले. म्हटलं, त्यांच्या कोंबड्यांना टोचलेलं औषध अर्धंच लागू पडलं. त्या तगल्या, पण रोग त्यांच्या अंगात राहिला आणि बाहेर सांडत राहिला. तुमच्या कोंबड्यांना तर तेवढंही औषध नव्हतं. मी रक्त तपासलं तेव्हा ते मला कळायला हवं होतं. मी चुकीचा कागद दिला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हिशेब पक्का करून घ्यावा तसं विचारलं, "म्हंजे त्याच्या जगल्या, म्हून माझ्या मेल्या?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. असावं, दिसतंय, खात्रीने सांगता येणार नाही, सोबत दुसरा जंतूही असेल, अशी प्रयोगशाळेतली सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी आली. ती खोटी नव्हती.

"हो," मी म्हणाले. "बहुतेक तसंच."

"मी तेच बोलत व्हते," ती काकांना म्हणाली.

"व्हय," काका म्हणाले. "मी तुका नको ता बोललंय. चुकलंय." त्यांनी हात जोडले. सत्तरीला आलेला माणूस. मीही जोडले.

हौशीने दोघांच्या हातांकडे पाहिलं. तिचा राग गेला नव्हता, आणि जाण्याचं काही कारणही नव्हतं. ती माझ्या खांद्यावरच्या थैलीकडे बोट दाखवून म्हणाली, "त्यात काय हाय? सुया?"

"हो. काकांच्या कोंबड्यांचं पुन्हा रक्त न्यायचंय."

"त्याच्या कोंबड्यांचं किती येळा नेलं?"

"लशीआधी एकदा, नंतर एकदा. हे तिसऱ्यांदा."

"आमच्या वस्तीतल्या कोंबडीचं कुणी कधी नेलंय?"

मी वीस वर्षांच्या नोंदवह्या मनात चाळल्या. कंपन्या, शेडवाले, मोठे फार्म. ओढ्यापलीकडचं एकही नाव त्यांत नव्हतं. "नाही," मी म्हणाले.

"मंग हात जोडून काय करू मी? माझी एक तलंग ऱ्हायलीय. तिचं घे. ती कशी वाचली ते मला बी सांग."

ती घराच्या मागे गेली आणि तपकिरी, लहानशी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, काखेत धरून आली. मी जमिनीवर बसले. हौशीने तिला आडवी धरली, पंख पसरला, आणि मी पंखाखालची पिसं ओल्या बोटाने बाजूला सारली. शीर निळी, बारीक. तलंग एकदाच फडफडली. रक्त नळीत उतरलं, काळसर लाल. मी सुई काढून शिरेवर बोट दाबून धरलं, हौशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

नळीवरच्या कागदाच्या पट्टीवर एक ओळ छापलेली असते, 'मालकाचे नाव'. मी पेन काढलं.

"नाव काय लिहू?"

"हौशी," ती म्हणाली. "मोठं लिव."